मुका मार: लेकीच्या डोक्याला लागलं, त्यानंतरचे आठ आठवडे

आमच्या घरात ‘मुका मार’ हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो. पायरीवरून घसरलं, मुका मार. गाडीवरून पडलं पण खरचटलं नाही, मुका मार. रक्त नाही, हाड मोडलं नाही, म्हणजे दोन दिवस शेकायचं आणि विसरायचं. २४ सप्टेंबरला, मंगळवारी, आमच्या धाकटीच्या डोक्याला कबड्डीत लागलं तेव्हा सासूबाईंच्या तोंडून हाच शब्द आला. खरं सांगते, तो ऐकून मलाही क्षणभर हायसं वाटलं.

पुढचे आठ आठवडे त्या शब्दानंच आम्हाला शिकवलं. मार मुका होता, म्हणजे तो बोलत नव्हता. बोलायचं काम आम्हाला करावं लागलं.

धाकटी नववीत आहे. उजवा कोपरा खेळते. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो, मी पतसंस्थेत काम करते, हे कुपवाड एमआयडीसीत. त्या दिवशी मनपा स्तरावरच्या शालेय स्पर्धेचा सतरा वर्षांखालील मुलींचा शेवटचा सामना होता. मी तिथं नव्हते. काय घडलं ते नंतर तिच्या मैत्रिणीकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. समोरची मुलगी बोनस गुण घ्यायला आत आली, आमचीनं घोट्यात पकड घातली, तिनं सुटायला पाय झटकला आणि गुडघा उजव्या कानाच्या वर बसला. त्या तोलात ही डोक्यावर आपटली. मैदान मातीचं होतं, पण उन्हानं टणक झालेलं. दहा-पंधरा सेकंद बसून राहिली, मग उठून माती झटकली. सरांनी विचारलं, “बरी आहेस ना?” ही म्हणाली, “हो सर.” आणि खेळ पुढं सुरू झाला.

त्यानंतर ती चारेक मिनिटं खेळली. मैत्रीण म्हणाली, “काकू, ती दोनदा डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी जर्सी धरून ओढून आणलं तिला.” सहा वर्षं एकाच जागी उभी राहणारी मुलगी आपली जागा विसरते, ही खूण तिथं सगळ्यांना दिसली होती. पण खूण म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती बेशुद्ध पडली नव्हती. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की कन्कशन, म्हणजे मेंदूला हिसका बसून होणारी दुखापत, झालेल्यांपैकी बहुतेक जण शुद्ध हरपत नाहीतच.

सरांना मी दोष दिला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मनातून भरपूर दिला. मग आठवलं, मागच्या वर्षी हिचा अंगठा मुरगळला होता तेव्हा “टेप मारून खेळू दे की सर” असं मीच म्हणाले होते.

१.४० ला सरांचा फोन आला. “वहिनी, जिंकलो. तिला जरा डोकं दुखतंय म्हणते, न्यायला या.” मी पिग्मीच्या पावत्यांचा गठ्ठा टेबलावर टाकून निघाले. एक कोरी पावती हातात तशीच राहिली, तिच्या पाठीवर मी पुढचं सगळं लिहीत गेले. हे काही शहाणपण नव्हतं. पतसंस्थेत काही झालं की वेळ लिहायची सवय लागते, एवढंच. पण दवाखान्यात सगळ्यात जास्त उपयोग त्या पावतीचा झाला.

पावतीवर असं आहे: २.०५ मैदान. सावलीत बसली आहे. चेहरा पांढरा. २.१० ‘किती गुणांनी जिंकलो?’ २.१४ पुन्हा तेच. २.२० पुन्हा तेच. २.२५ उलटी, १.

तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा पोटात गोळा आला. मी ॲक्टिवा घेऊन गेले होते आणि तिला मागं बसवणारच होते. शेजारच्या शाळेच्या एक मॅडम म्हणाल्या, “अहो, चक्कर आली तर पडेल ती, रिक्षा करा.” त्या मॅडमचं नाव मला अजून माहीत नाही. रिक्षात बसल्यावर पुष्पराज चौक ओलांडायच्या आत तिला उलटी झाली. रिक्षावाल्या मामांनी न सांगता गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली पुढं केली आणि मग थेट मिरजेचा रस्ता धरला. सांगलीची माणसं डोक्याचं दुखणं म्हटलं की आपोआप मिरजेकडं वळतात. कर्नाटकातून लोक येतात तिथं, आम्हाला तर सात-आठ किलोमीटर.

पावणेतीनला अपघात विभागात पोचलो. केसपेपरचे आणि तपासणीचे ५०० रुपये भरले. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी आधी मान तपासली, मणक्यावर एकेक बोट दाबत. हातापायात मुंग्या येतात का, एकाचे दोन दिसतात का, फिट आली होती का, हे विचारलं. बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या. मग तिच्याशी गप्पा मारल्यासारखं बोलायला लागल्या. आज वार कोणता? आपण आत्ता कुठं आहोत? सामना कुणाबरोबर होता? शेवटचा गुण कुणी काढला? वार बरोबर आला. शेवटच्या गुणावर ती माझ्याकडं बघायला लागली.

“बरं, वर्षाचे महिने उलटे म्हण बघू. डिसेंबरपासून.”

डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. मग थांबली. ऑगस्ट काही केल्या येईना. माझ्या मुलीला ऑगस्ट आठवत नव्हता आणि ती हसत होती, आपण काहीतरी गंमत करतोय अशा चेहऱ्यानं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तोवर हे कुपवाडहून आले आणि आल्या आल्या म्हणाले, “सीटी स्कॅन काढा, किती लागतील ते लागू देत.” डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं. डोक्याला लागलेल्या प्रत्येक मुलाचा सीटी काढायचा नसतो, लहान वयात त्या किरणांचा विचार करावा लागतो. शुद्ध बिघडत असेल किंवा कवटीला मार दिसत असेल तर लगेच काढायचा. एखादी उलटी, डोकेदुखी असं असेल तर काही तास नजरेखाली ठेवून ठरवता येतं. आम्ही थांबलो. चार वाजून दहा मिनिटांनी दुसरी उलटी झाली आणि डोकं जास्त ठणकायला लागलं, तेव्हा त्यांनीच सीटी सांगितला. २,८०० रुपये. अर्ध्या तासात रिपोर्ट आला, नॉर्मल.

ह्यांनी हात जोडले. मीही जोडले. मॅडम म्हणाल्या, “हे चांगलंच झालं. आत रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही. पण कन्कशन सीटीत दिसत नाही.” आमचे चेहरे बघून त्यांनी एक उदाहरण दिलं, ते मी आता सगळ्यांना सांगते. विरजण लावलेलं भांडं गाडीवरून आणताना खड्ड्यात आदळलं तर भांड्याला पोचा पडत नाही, झाकणही हलत नाही, पण आतलं दही हिसका खातं. सीटी भांड्याचं बघतो, आणि काही सांडलंय का ते बघतो. दह्याला बसलेला हिसका त्यात दिसत नाही. मेंदू काही दह्यासारखा मोडत नाही, पण त्याच्या कामाची घडी काही दिवस विस्कटते.

मग आला एमएलसीचा, म्हणजे मेडिको-लीगल केसचा विषय. डोक्याची दुखापत म्हणून खिडकीवरच्या माणसानं “एमएलसी होईल, पोलिसांना कळवावं लागेल” म्हटलं, आणि हे एकदम तापले. कुणावर केस करायची? त्या मुलीवर? ती तर आपल्या लेकीएवढीच. असं काही नसतं. ती फक्त नोंद असते. तासाभरानं एक हवालदार आले, कुठं, कधी, कसं लागलं ते लिहून घेतलं, “खेळताना अपघातानं लागले, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही” असा जबाब घेतला, ह्यांची सही घेतली आणि लेकीला “कबड्डी होय? भारी!” म्हणून निघून गेले. एमएलसी नंबर लिहून ठेवा, पुढं कागदपत्रांत लागतो.

रात्रभर ठेवून बुधवारी सकाळी अकराला सोडलं. एकूण बिल ८,५४०. मेडिक्लेममधून मिळालं नाही, कारण पॉलिसीत २४ तास दाखल असण्याची अट होती आणि आमचे भरले २०. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एवढंच होतं: हेड इंज्युरी, सीटी नॉर्मल, रेस्ट थ्री डेज. त्या तीन दिवसांनी पुढं घोळ केला. शाळेत कधी जायचं, अभ्यास किती करायचा, मैदानात कधी उतरायचं, यातलं काहीच कार्डावर नव्हतं आणि विचारायचं आम्हालाही सुचलं नाही. तुम्ही कार्ड हातात घ्याल तेव्हा हे तीन प्रश्न तिथंच विचारा आणि उत्तर कार्डावर लिहून मागा.

डॉक्टर मॅडमनी तोंडी मात्र बरंच सांगितलं होतं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या पुन्हा सुरू झाल्या, फिट आली, जागं करूनही नीट जागी होईना, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसायला लागले, मान दुखायला लागली, किंवा उगीच चिडून अंगावर यायला लागली, तर रात्र असो की पहाट, थेट परत यायचं. मी हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. घरात माझ्या पाठीसाठी आणलेली आयब्युप्रोफेन पहिले दोन दिवस द्यायची नाही, तिनं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

घरी आलो तर शेजारच्या काकू दारातच. “तिला झोपू देऊ नका हं, झोपली की कोमात जातं माणूस.” सासूबाई कांदा फोडून तयार. “हुंगव तिला, मुका मार हाय, उतरंल.” कांद्याला मी काही बोलले नाही, त्यानं कुणाचं बिघडत नाही. झोपेचं मात्र आधीच विचारून घेतलं होतं. सीटी नॉर्मल आहे, रात्रभर लक्ष ठेवून झालंय, आता झोप हेच औषध. रात्री एक-दोनदा हाक मारून ओ देते का बघा, झालं. दोन वाजता मी हाक मारली. “आई, झोपू दे ना गं.” एवढ्या गोड शब्दांत तिनं मला कधी झिडकारलं नव्हतं.

पहिले ४८ तास मोबाइल आणि टीव्ही जवळजवळ बंद ठेवले. तिला सगळ्यात जास्त हेच जड गेलं, कारण जिंकल्याचे फोटो ग्रुपवर येत होते. आणि मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो बघायला येणाऱ्या माणसांचा. आपल्याकडं आजाऱ्याला भेटणं हे कर्तव्य असतं. बुधवार-गुरुवारात अकरा माणसं आली, बिस्किटांचे सात पुडे जमले, आणि प्रत्येकाला तिनं गुडघा कसा बसला ते सांगायचं. गुरुवारी संध्याकाळी ती उशीत तोंड खुपसून रडली, “आई, आवाज डोक्यात घुसतोय.” मग ह्यांनी खाली गेटवरच खुर्ची टाकली. येणाऱ्याला तिथंच चहा, तिथूनच निरोप. दोन नातेवाईक अजून फुगलेले आहेत.

मात्र दोन दिवसांनंतर अंधारात पडून राहायचं नाही, हेही सांगितलं होतं. शनिवारी सकाळी आम्ही आमराईत पंधरा मिनिटं चाललो. बरं वाटलं तिला.

सोमवारी, ३० सप्टेंबरला, मी चूक केली. कार्डावर तीन दिवस लिहिलं होतं, सहा झाले होते, चेहरा तरतरीत दिसत होता. शाळेत पाठवलं. पावणेबाराला वर्गशिक्षिकांचा फोन आला. फळ्यावरची अक्षरं हलतायत म्हणून ती डोकं बाकावर टेकून बसली होती. घरी आणली तर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवून उठली. हे तिचं नव्हतं. रात्री ह्यांना म्हणाली, “पप्पा, मी ढ झालेय का?” ह्यांना काही उत्तर सुचलं नाही. उठून गॅलरीत गेले.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली गुरुवार, ३ ऑक्टोबरची. घटस्थापना होती, सासूबाई घट बसवून माझी वाट बघत होत्या. फी ८०० रुपये, वाट बघणं दोन तास. आत मात्र चाळीस मिनिटं दिली त्यांनी. पहिलं काम म्हणजे एक तक्ता भरायला दिला. त्यात २२ त्रास: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड सहन न होणं, आवाज सहन न होणं, धुक्यात असल्यासारखं वाटणं, लक्ष न लागणं, चिडचिड, झोप, असे. प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. आमचे आले ४१. इथं गुण जितके कमी तितकं चांगलं. लेक म्हणाली, “गणितात यायला पाहिजे होते.” तेव्हा मला वाटलं, ही परत येईल.

मग एका रेषेत पाय ठेवून, हात कमरेवर, डोळे मिटून २० सेकंद उभं राहायला सांगितलं. जी मुलगी एका पायावर उभी राहून चढाईपटूचा घोटा धरते ती तीनदा हलली. मानेचे स्नायूही आखडले होते, निम्मी डोकेदुखी तिथून येत होती. फिजिओथेरपीच्या तीन बैठका सांगितल्या, प्रत्येकी ४०० रुपये, आणि त्यांनी खरंच उतार पडला.

डॉक्टरांनी दोन शिड्या सांगितल्या: आधी शाळेची, मग मैदानाची. शाळेत पूर्ण दिवस बसता येत नाही तोवर सामन्याचा विषय काढायचा नाही. मैदानाच्या सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर निदान २४ तास. रोजची हालचाल, मग भरभर चालणं किंवा सायकल, मग एकटीनं खेळाचे व्यायाम, ज्यात डोक्याला लागण्याची शक्यता नाही. इथवर थोडं डोकं दुखलं आणि तासाभरात थांबलं तर घाबरायचं नाही. जास्त दुखलं तर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण चौथ्या पायरीच्या आधी सगळी लक्षणं गेलेली हवीत आणि डॉक्टरांचं पत्र हवं: चौथी, धक्का न लागणारा सराव, पाचवी, पूर्ण सराव, सहावी, सामना.

मी विचारलं, “आणि मधेच खेळली तर?”

“पहिलं बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर दुखणं लांबतं. आणि फार क्वचित मेंदू झपाट्यानं सुजतो, जीवावर बेततं. ते घडतं ते बहुतेक याच वयात.” ते हे फार आवाज न चढवता म्हणाले. मुलांना मोठ्यांपेक्षा वेळ जास्त लागतो, चार आठवडे धरून चाला, असंही म्हणाले.

शाळेसाठी पत्र मागितलं तेव्हा त्यांनी छान लिहून दिलं: अर्धा दिवस, दर तासाला पाच मिनिटं विश्रांती, पीटी नाही, परीक्षेत सवलत. ते घेऊन शाळेत गेले तर कार्यालयात पहिला प्रश्न, “शिक्का कुठाय? नोंदणी क्रमांक कुठाय?” परत मिरज, परत रिक्षा. तुम्ही दवाखान्यातून निघतानाच लेटरहेड, शिक्का, सही, नोंदणी क्रमांक आणि तारीख, एवढं बघून घ्या. मुख्याध्यापकांनी मात्र पत्र वाचून लगेच होकार दिला. ७ ऑक्टोबरपासून ती पहिले तीन तास बसून घरी येऊ लागली. सत्र परीक्षा १४ तारखेपासून होती. चार पेपर दिले, गणिताचे दोन दिवाळीनंतर घेतले. त्यासाठी वेगळा अर्ज, वर्गशिक्षिकांची शिफारस, त्यावर आवक क्रमांक. आवक क्रमांक टाकून घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी पतसंस्थेच्या टेबलामागून शिकलेय.

मधल्या काळात ९ आणि १० तारखेला विभागीय स्पर्धा होती. सरांचा फोन आला. “वहिनी, खेळवत नाही हो, नुसती बेंचवर बसू दे. पोरींना धीर येतो.” मी ह्यांच्याकडं बघितलं. सरांचं मन साफ होतं, पण चार गुणांनी मागं पडलो आणि ही उभी राहून “सर, मी जाऊ?” म्हणाली, तर नाही कोण म्हणणार? ह्यांना क्रिकेटचं वेड. त्यांनी फोन घेतला. “सर, २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, डाव संपल्यावर तो पुन्हा मैदानात आला नाही, त्याच्या जागी चहल खेळला. भारताच्या संघाला तेवढं परवडतं, आपल्याला परवडत नाही होय?” पलीकडं सर हसले आणि म्हणाले, “राहू दे मग.” कबड्डीत तर सात जणी आत आणि बाकीच्या राखीव असतातच. लागलेल्या मुलीला बाहेर घेऊन तपासायला नियम आडवा येत नाही.

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. संघ हरला. त्याबद्दल ती अजून काही बोललेली नाही, आणि मीही काढत नाही.

दसऱ्याला आमच्या चौकात डीजे होता. ती आधीच म्हणाली, “मी मामाकडं जाते.” गेल्या वर्षी याच डीजेसमोर नाचली होती. तक्त्यात त्या दिवशी गुण १७ होते, आवाजाला ४.

तक्ता मी रोज रात्री भरून घेत होते, आता वहीत. सुरुवातीला मी शेजारी बसून विचारायचे. मग लक्षात आलं की माझा चेहरा बघून ती आकडा कमी सांगते. मग वही तिच्या हातात दिली आणि मी स्वयंपाकघरात गेले. आकडे लगेच खरे झाले. १५ तारखेला हळू पळाली, डोकं ठणकलं आणि रात्रीपर्यंत थांबलं नाही. दुसरा दिवस नुसतं चालणं, १७ ला पुन्हा पळाली, जमलं. २० ला अंगणात एकटीनं पायांच्या हालचाली सुरू केल्या, खडूनं ‘निदान रेषा’, म्हणजे चढाईत ओलांडावी लागते ती रेषा, आखून. २२ ऑक्टोबरच्या पानावर बावीसच्या बावीस शून्यं आहेत, आणि खाली तिनं एक हसरा चेहरा काढलाय. २४ ला डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी तिनं मुद्दाम माझ्याकडं बघितलं. चौथ्या पायरीचं पत्र मिळालं.

पुढचं भराभर झालं. धक्का न लागणारा सराव, दिवाळी, चकल्या, ८ नोव्हेंबरला पूर्ण सराव. त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभी होते. पहिल्या पकडीला माझेच डोळे मिटले. आवाज आला, उघडले तर ती चढाईपटूच्या घोट्याला लोंबकळत होती आणि मान नीट बाहेरच्या बाजूला होती. हे सरांनी तिला नव्यानं शिकवलं होतं, पंधरा दिवस. त्यांच्या शिट्टीच्या पाकिटात आता घडी घातलेला एक कागद असतो. खेळताना कुणाच्या डोक्याला लागलं की विचारायचे प्रश्न त्यावर त्यांच्याच अक्षरात आहेत, आणि खाली लिहिलंय: शंका आली तर बाहेर.

खर्चाचं विचाराल तर दवाखाना, तीन वेळची फी (नंतरच्या दोन्ही वेळी ५००), फिजिओ मिळून ११,५४०, रिक्षा वेगळी. शाळेच्या लिपिकांनी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजनेचं सांगितलं. ती पहिली ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि खेळताना लागलेलं त्यात बसतं, असं ते म्हणाले. प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षणाधिकारी कार्यालयात जातो. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, सीटीचा रिपोर्ट, एमएलसीचा कागद, बोनाफाइड, बँकेच्या पासबुकाची प्रत. मूळ बिलं देण्याआधी सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्या. प्रस्ताव अजून कार्यालयात आहे. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा टेबलावरचे साहेब रजेवर होते.

१७ नोव्हेंबरला, रविवारी, शेजारच्या मंडळाबरोबर मैत्रीपूर्ण सामना झाला. मध्यंतराला मी पाण्याची बाटली घेऊन गेले. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “रविवार. सांगली. आपण तीननं पुढं आहोत. शेवटचा गुण मीच काढला. आता जा बाई बाहेर.”